केटीएम बजाजकडे कशी आली: परदेशी भागीदाऱ्यांची सत्तर वर्षं

२०२५ मध्ये आकुर्डीच्या बजाज ऑटोने ऑस्ट्रियाच्या केटीएम या मोटरसायकल कंपनीचा ताबा घेतला, ही बातमी बहुतेकांनी वाचली असेलच. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये केटीएमने दिवाळखोरीचा अर्ज केला, मग देणेकऱ्यांना ३० टक्के रक्कम द्यायची ठरली, आणि ती द्यायला आणि कंपनी परत उभी करायला एकूण ८० कोटी युरो बजाजने उभे केले. पण बजाज तिथे १८ वर्षं आधीपासून होती. २००७ मध्ये साडेचौदा टक्के शेअर्स घेतले, ते हळूहळू वाढवत जवळपास ४८ टक्क्यांपर्यंत नेले, मधल्या काळात चाकणला केटीएमची ड्यूक ही मोटरसायकल बनायला लागली. एवढा संयम कुठून आला हे समजायचं तर खूप मागे जावं लागतं.

सुरुवातीला आपल्या कंपन्यांना निवड अशी फारशी नव्हतीच. टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, १९५४ मध्ये मर्सिडीज बनवणाऱ्या जर्मनीच्या डायम्लर-बेंझशी १५ वर्षांचा करार केला, जमशेदपूरला ट्रक बनायचे आणि पुढे मर्सिडीजचा स्टार असायचा, १९६९ ला करार संपला तसा स्टारही गेला. तोवर मात्र टेल्कोची माणसं ट्रक बनवायला शिकली होती, आणि माझ्या मते त्या कराराची खरी कमाई तीच. बजाजचंही तसंच, इटलीच्या पियाजिओच्या लायसन्सवर व्हेस्पा स्कूटर बनवत होते, १९७१ मध्ये सरकारने लायसन्स वाढवून द्यायला नकार दिला, मग त्याच स्कूटरवरून स्वतःच्या नावाची चेतक आली.

पुण्यात कोथरूडला १९६२ मध्ये किर्लोस्कर कमिन्स सुरू झाली, ती वेगळ्या प्रकारची. इथे नुसतं लायसन्स नव्हतं, अमेरिकेतल्या कोलंबसच्या कमिन्स या डिझेल इंजिनं बनवणाऱ्या कंपनीचे निम्मे शेअर्स होते, त्यामुळे इंजिन चांगलं निघावं यात त्यांचाही पैसा अडकलेला. पस्तीस वर्षं चाललं हे. १९९७ ला किर्लोस्कर बाहेर पडले आणि कंपनी कमिन्स इंडिया झाली.

मध्ये १९७३ चा फेरा, म्हणजे परकीय चलन नियमन कायदा आला, परदेशी कंपनीचा हिस्सा साधारणपणे ४० टक्क्यांपर्यंत आणायचा असा नियम. आयबीएम आणि कोकाकोला १९७७-७८ च्या सुमाराला निघून गेल्या ते यातूनच. म्हणजे कोणाचे किती टक्के हे दोन कंपन्या टेबलावर बसून ठरवतात असं आपल्याला वाटतं, पण आपल्याकडे बराच काळ ते दिल्लीत ठरायचं.

ऐंशीच्या दशकात टू-व्हीलरसाठी दार थोडं उघडलं आणि जपानी आले. होंडाने तर १९८४ मध्ये एकाच वेळी दोन घरं केली, मोटरसायकलसाठी हिरो सायकलवाल्या मुंजालांबरोबर हिरो होंडा आणि स्कूटरसाठी पुण्याच्या फिरोदियांबरोबर कायनेटिक होंडा. कायनेटिक होंडाला गिअर नाही, बटण दाबलं की सुरू, त्या वेळी हे फार मोठं अप्रूप होतं. बजाजने कावासाकीबरोबर फक्त तंत्रज्ञानाचा करार केला, शेअर्स दिले नाहीत, आणि मला वाटतं तोच निर्णय पुढे कामाला आला, कारण २००१ मध्ये पल्सर आली ती बजाजची स्वतःची होती आणि ती परदेशात विकायला कोणाची परवानगी लागली नाही. हिरो होंडा जगातली सगळ्यात जास्त टू-व्हीलर विकणारी कंपनी झाली, पण एक्स्पोर्ट मोजक्याच देशांत, कारण बाकीच्या बाजारात होंडा स्वतः उभी होती. कुठे विकायचं आणि डिझाइन कोणाचं, हे करारातले दोन मुद्दे शेअर्सच्या टक्क्यांइतकेच जड असतात, आणि त्यांची किंमत खूप वर्षांनी कळते.

१९९१ नंतर अनेक क्षेत्रांत ५१ टक्के सहज मिळायला लागले, तेव्हा परदेशी कंपन्यांना वाटणं साहजिक होतं की आता भागीदार कशाला. होंडा १९९८ मध्ये कायनेटिकमधून निघाली आणि १९९९ मध्ये स्वतःची वेगळी कंपनी काढली, २००१ ला त्यांची ॲक्टिव्हा स्कूटर आली, तीही बिनागिअरचीच. पियाजिओही आधी बारामतीला ग्रीव्ह्जबरोबर आली आणि नंतर पूर्ण कंपनी घेतली. डिसेंबर १९९८ मध्ये सरकारने प्रेस नोट १८ काढली, जुना भागीदार असेल तर त्याच क्षेत्रात नवा धंदा काढण्याआधी त्याची हरकत नाही असं पत्र आणा. काहींना याने संरक्षण मिळालं, काहींनी त्याचा वापर नुसता अडवून धरायला आणि जास्त पैसे मागायला केला, आणि २००५ मध्ये तो नियम बराच सैल करून २०११ ला काढूनच टाकला. हिरो आणि होंडा डिसेंबर २०१० मध्ये वेगळे झाले, तेव्हा निदान होंडाचे २६ टक्के शेअर्स आणि पुढच्या काही वर्षांची लायसन्स फी हे सगळं बसून ठरवलेलं होतं.

सगळ्यात मोठा धडा टाटा आणि जपानच्या डोकोमो या मोबाइल कंपनीचा. २००९ मध्ये डोकोमोने टाटा टेलिसर्व्हिसेसचे साधारण २६ टक्के शेअर्स घेतले आणि करारात लिहून घेतलं की पाच वर्षांनी बाहेर पडायचं झालं तर निदान निम्मी किंमत परत मिळेल. २०१४ ला ते निघाले, पण रिझर्व्ह बँकेने आधी ठरलेल्या किमतीला परवानगी दिली नाही, नियम बाजारभावाचा होता. प्रकरण लंडनच्या लवादाकडे गेलं, २०१६ मध्ये साधारण ११७ कोटी डॉलर द्या असा निकाल लागला, आणि एप्रिल २०१७ मध्ये दिल्ली हायकोर्टाने दोघांची तडजोड मान्य केल्यावर पैसे गेले.

त्यानंतरच्या करारात तारीख आणि अटी जास्त नीट लिहिलेल्या दिसतात. महिंद्रा आणि फोर्ड यांनी ऑक्टोबर २०१९ मध्ये ५१-४९ ची कंपनी ठरवली, त्यात ३१ डिसेंबर २०२० ही शेवटची तारीख घातलेली, कोरोनामुळे सगळी गणितं बदलली, आणि ती तारीख उलटली तशी दोघांनी कंपनी न काढता आपापला रस्ता धरला, कोर्टाची पायरी चढायची वेळ आली नाही.