शक्तिव्यायाम आणि मानसिक चिवटपणा

वाढत्या भाराविरुद्ध स्नायूंना काम करायला लावणारा व्यायाम आणि ताण सोसून पुन्हा सावरण्याची मनाची क्षमता यांतील संबंध. भार वजनांचा, यंत्राचा किंवा स्वतःच्या शरीराचा असू शकतो. ‘रेझिलिअन्स’ या संज्ञेला मराठीत लवचीकता, सोशिकता, चिवटपणा असे पर्याय आहेत. मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ ‘मागे उसळणे’. सोशिकतेला निमूट सहन करण्याची छटा आहे, म्हणून येथे चिवटपणा हा शब्द घेतला आहे.

भार क्रमाने वाढवण्याचे तत्त्व दक्षिण इटलीतील क्रोटन या ग्रीक वसाहतीच्या मायलोपासून सांगण्याची प्रथा आहे. इ. स. पू. सहाव्या शतकातील हा मल्ल वासरू उचलत असे आणि त्याचा बैल झाल्यावरही उचलू शके, अशी कथा. मायलो ऐतिहासिक असला, तरी कथेचा उल्लेख क्विंटिलियनसारख्या सुमारे सहाशे वर्षांनंतरच्या लेखकांत येतो. तिला पुरावा मानू नये. व्यायामाने मन घडते की बिघडते, हा वादही जुनाच. दुसऱ्या शतकातील वैद्य गेलेनने मनाला आनंद देणाऱ्या व्यायामाची तरफदारी केली. धंदेवाईक मल्लांचे मन मात्र मांस-रक्ताच्या चिखलात रुतलेले असते, अशी त्यांची टर उडवली. आधुनिक पद्धतीचे श्रेय बहुधा अमेरिकी लष्करी डॉक्टर टॉमस डीलॉर्म यांना देणे योग्य. जखमी सैनिकांच्या पुनर्वसनावरील त्यांचा लेख १९४५ मध्ये आला. पुढे रूढ झालेल्या त्यांच्या आराखड्यात, जास्तीत जास्त दहा वेळा उचलता येईल असे वजन ठरवून त्याच्या निम्म्या, पाऊण व पूर्ण भाराने दहा-दहा आवर्तनांचे तीन सेट असत.

परिणाम कसा घडतो, याबद्दल दोन मते आहेत. पहिले शरीरक्रियेचे : ताणाचे अभ्यासक हान्स सेल्ये यांच्या १९३६ च्या मांडणीतून निघालेल्या विचारानुसार मोजक्या ताणाला सरावलेले शरीर इतर ताणांनाही कमी बिथरते. याला आधार मुख्यतः धावणे, सायकल अशा दमश्वासाच्या व्यायामांवरील अभ्यासांचा आहे. दुसरे मत मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बँड्युरा यांच्या १९७७ च्या ‘स्व-क्षमतेवरील विश्वास’ या संकल्पनेचे : स्वतः पार पाडलेले अवघड काम हा अशा विश्वासाचा सर्वांत भक्कम पाया. वजनाच्या बाबतीत हे मत अधिक पटते, कारण येथे यश आकड्यात दिसते. स्क्वॅटच्या, म्हणजे वजन पेलत मारलेल्या बैठकीच्या, आठव्या आवर्तनाला दांडा मध्येच मंदावतो, मांड्या थरथरतात, छाती धडधडते. घाबरल्यावर होते तेच सारे. नववे आवर्तन निघते आणि वहीत आठाच्या जागी नऊ लिहिला जातो. धडधड म्हणजे संकट नव्हे, हे शरीराला असेच कळत असावे.

प्रत्यक्ष पुरावा चिवटपणाचा कमी, नैराश्याचा अधिक आहे. २००५ च्या एका चाचणीत नैराश्य असलेल्या ६० वर्षांवरील ६० व्यक्तींना आठ आठवडे कमाल क्षमतेच्या ८० टक्के भार, २० टक्के भार किंवा नेहमीचे वैद्यकीय उपचार दिले गेले. लक्षणे निम्म्याने घटलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ६१, २९ व २१ टक्के होते. व्यायामाच्या दोन्ही गटांना देखरेख होती, म्हणून केवळ सोबतीने हा फरक पडला असे म्हणता येत नाही. २०१८ च्या एका एकत्रित विश्लेषणात ३३ चाचण्यांतील १,८७७ व्यक्तींमध्ये नैराश्याची लक्षणे मध्यम प्रमाणात घटलेली आढळली. मात्र ताकद किती वाढली याचा या घटीशी ठळक संबंध दिसला नाही, आणि मूल्यमापन करणाऱ्यांना गट ठाऊक नसलेल्या चाचण्यांत परिणाम लहान होता. भार खरोखर वाढण्यापेक्षा तो पेलल्याचा अनुभव महत्त्वाचा, असा अर्थ लावता येतो. पण तो अनुमानच. आपण व्यायाम करतो आहोत हे करणाऱ्यापासून लपवता येत नाही, ही या अभ्यासांची कायमची अडचण. व्यायामशाळेत कमावलेला धीर शोक किंवा बेकारीत कितपत उपयोगी पडतो, हा प्रश्न त्यांच्या मोजमापाबाहेरच राहतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढांनी आठवड्यातून किमान दोन दिवस प्रमुख स्नायूंचा शक्तिव्यायाम करावा. विश्रांतीविना भार वाढवत गेल्यास थकवा, चिडचिड व निद्रानाश संभवतात. शरीर पुरेसे पिळदार नाही या ध्यासाला १९९७ पासून ‘स्नायू-विरूपता’ अशी संज्ञा आहे. अमेरिकी मनोविकार वर्गीकरणाच्या २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत तिची नोंद शरीर-विरूपता विकाराखाली आहे.