मोन्तेसिनोस: पद नसलेल्या सत्ताधीशाची पार्श्वभूमी

१९९० ते २००० या काळात पेरूचे राष्ट्राध्यक्ष होते आल्बेर्तो फुजिमोरी. पण कोणता न्यायाधीश कुठे बसेल, कोणता सेनाधिकारी वर चढेल, हे ठरवायचा व्लादिमिरो मोन्तेसिनोस. तो मंत्री नव्हता की लोकांनी निवडून दिलेला नव्हता. गुप्तचर यंत्रणेचा सल्लागार, एवढीच त्याची ओळख. म्हणूनच त्याला जाब विचारायला जागाच उरली नव्हती.

सैन्यात कॅप्टन असताना तो परवानगी न घेता अमेरिकेला गेला. त्यापायी १९७०च्या दशकात हकालपट्टी झाली, तुरुंगही भोगावा लागला. पुढे वकिली केली. अशिलांत अमली पदार्थांचे तस्कर होते. १९९०च्या निवडणुकीत फुजिमोरी मालमत्तेच्या व्यवहारांवरून अडचणीत आले, तेव्हा ते प्रकरण त्याने मिटवले आणि त्यांचा विश्वास कमावला.

५ एप्रिल १९९२ला फुजिमोरींनी रणगाडे उतरवून संसद बरखास्त केली. 'शायनिंग पाथ' या माओवादी बंडखोर संघटनेच्या हिंसाचाराने गांजलेल्या बहुसंख्य लोकांनी या पावलाचे स्वागत केले, हे विसरता कामा नये. त्या पाठिंब्याच्या आडोशाने काय चालले होते? सैन्यातल्या 'कोलिना' या मारेकरी गटाने १९९१मध्येच राजधानी लिमाच्या बारिओस आल्तोस वस्तीत १५ जणांना ठार केले होते. त्यात आठ वर्षांचा एक मुलगा होता. १९९२मध्ये याच गटाने ला कांतुता विद्यापीठातून नऊ विद्यार्थी आणि एक प्राध्यापक उचलून नेऊन मारले.

लाच देताना मोन्तेसिनोस गुपचूप चित्रीकरण करवून घेई, म्हणजे घेणारा कायमचा मुठीत. न्यायाधीश आणि खासदार महिन्याला काही हजार डॉलरांत वश होत. एका मोठ्या दूरचित्रवाणी वाहिनीला मात्र महिन्याला सुमारे १५ लाख डॉलर जात. या राजवटीला सर्वाधिक धास्ती बातमीची होती, याचा याहून सज्जड पुरावा मला दिसत नाही. 'कनाल एन' ही छोटी केबल वाहिनी तेवढी विकली गेली नव्हती. १४ सप्टेंबर २०००ला तिच्यावर देशाने पाहिले: विरोधी खासदार आल्बेर्तो कोउरी पक्ष बदलण्यासाठी मोन्तेसिनोसकडून १५ हजार डॉलर घेत आहेत.

दोनच दिवसांत फुजिमोरींना नव्या निवडणुका जाहीर कराव्या लागल्या. नोव्हेंबरात त्यांनी जपानमधून फॅक्सने राजीनामा पाठवला; संसदेने तो न स्वीकारता त्यांना बडतर्फ केले. मोन्तेसिनोस जून २००१मध्ये व्हेनेझुएलात पकडला गेला. कायाओच्या नौदल तळावरचा जो तुरुंग 'शायनिंग पाथ'च्या म्होरक्यासाठी उभारला होता, तिथेच त्याला ठेवले. १९९२मध्ये पातिविल्का इथे 'कोलिना' गटाने मारलेल्या सहा जणांच्या खटल्यात त्याने २०२४ साली गुन्हा कबूल केला.