चॅटमधल्या स्लॅश कमांड: पार्श्वभूमी

ऑनलाइन खेळांच्या चॅटमध्ये लिहिलेली ओळ म्हणजे बोलणं, आणि आधी तिरकी रेघ मारली तरच ती कमांड, हे आज इतकं अंगवळणी पडलंय की सुरुवातीला नेमकं उलटं होतं यावर नवे खेळाडू विश्वास ठेवत नाहीत. १९७८ मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात 'मड' हा अनेकांनी एकत्र खेळायचा, निव्वळ शब्दांचा खेळ लिहिला गेला आणि त्याच्या वळणावर पुढे कितीतरी खेळ निघाले. त्यांत चित्रं नव्हतीच. लिहिलेला प्रत्येक शब्द ही कृती मानली जायची. उत्तरेला जायचं तर नुसतं 'एन'. बोलायचं असेल तर मात्र आधी 'से' लिहा, नाहीतर अवतरणचिन्ह द्या.

ही उलटापालट गप्पांच्या दुनियेत झाली. १९८८ मध्ये फिनलंडमध्ये आयआरसी ही इंटरनेटवरच्या गप्पांची सोय सुरू झाली. तिथे बोलणं हेच मुख्य काम, त्यामुळे जादा खूण कमांडच्या वाट्याला आली: /जॉइन (गप्पांच्या गटात शिरायला), /निक (नाव बदलायला), /मी (आपली कृती सांगायला). ही तिरकी रेघ सर्व्हरपर्यंत कधी जातच नव्हती. वापरणाऱ्याच्या बाजूचा प्रोग्रॅम ती काढून टाकून पुढचा मजकूर नियमात बसवून पाठवायचा. म्हणजे ओळ माणसांसाठी की यंत्रासाठी, एवढंच ती सांगायची.

मार्च १९९९ मध्ये आलेल्या 'एव्हरक्वेस्ट'ने त्रिमितीय जग आणि ही रेघ एकत्र आणली. खेळात नकाशा नव्हता. वाट चुकलेला खेळाडू /लॉक लिहायचा आणि चॅटमध्ये त्याच्या जागेचे आकडे उमटायचे. ते आकडे कागदावर उतरवून लोकांनी अख्ख्या प्रदेशांचे नकाशे काढले. कमांडची ताकद त्यात पहिल्यांदा दिसली, असं मला वाटतं.

खरा वाद मात्र 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मध्ये पेटला, आणि त्याकडे नीट पाहायला हवं, कारण चॅटची ओळ कुठवर जाऊ शकते याची सीमा तिथे आखली गेली. नोव्हेंबर २००४ मध्ये खेळ आला तेव्हा मॅक्रोला, म्हणजे एका बटणावर बसवलेल्या कमांडच्या ओळींना, २५५ अक्षरांची मर्यादा होती. पण त्याच ओळीत /स्क्रिप्ट लिहून लुआ भाषेतला कोड चालवता यायचा. अ‍ॅडऑन, म्हणजे खेळाडूंनी लिहून खेळाला जोडलेले छोटे प्रोग्रॅम, तर त्याहून पुढे जायचे. खेळातल्या 'मोल्टन कोअर' या मोहिमेचं उदाहरण घ्या. चाळीस जणांचा गट, आणि पहिल्याच बॉसच्या, म्हणजे बलाढ्य शत्रूच्या, शापामुळे मंत्रांचा खर्च दुप्पट. शाप उतरवणाऱ्यांनी चाळीस चौकटी न्याहाळत बसायचं, कोणाला लागलाय ते शोधायचं, त्याला निवडायचं आणि मग मंत्र टाकायचा. यावर एक अ‍ॅडऑन निघाला. एकच बटण दाबत राहायचं. कोणावर आणि कोणता मंत्र हे तो स्वतः ठरवायचा. हीलरांसाठीही, म्हणजे गटातल्यांना बरं करणाऱ्यांसाठीही, अशीच हत्यारं होती: सर्वांत जखमी कोण ते शोधायचं, पुरेसा पडेल तेवढा मंत्र निवडायचा आणि टाकायचा. बोट माणसाचं, निर्णय कोडचा.

डिसेंबर २००६ मध्ये २.० हा पॅच, म्हणजे खेळाची सुधारित आवृत्ती, आला आणि हे बंद झालं. लढाईत मंत्र टाकणं, लक्ष्य निवडणं ही कामं सुरक्षित बटणांतूनच होऊ लागली आणि कोडला ती स्वतःहून करता येईनात. बदल्यात मॅक्रोला अटी मिळाल्या. '/कास्ट [हेल्प] फ्लॅश हील; [हार्म] स्माइट' ही एक ओळ मित्रावर असताना बरं करते, शत्रूवर असताना मारते. शिफ्ट दाबली आहे का, लक्ष्य मेलेलं आहे का, आपण लढाईत आहोत का, हे सगळं ओळीत विचारता येतं. कोणाची तब्येत किती उरली, अंगावर कोणता शाप आहे, मंत्र पुन्हा वापरायला तयार आहे का, हे विचारता येत नाही. हे राहून गेलेलं नव्हतं, मुद्दाम वगळलेलं होतं. खेळाडूने आधीच घेतलेला निर्णय ओळीने पोहोचवावा, निर्णय स्वतः घेऊ नये, हे त्यामागचं तत्त्व.

ओरड खूप झाली. हीलरांचं म्हणणं होतं की कंटाळवाणं काम आमच्या माथी पुन्हा मारलं. ज्यांचे हात भराभर चालत नाहीत, त्यांच्यासाठी तर ती हत्यारं सोय नव्हती, गरज होती. त्यांना तेव्हा पुरेसं उत्तर मिळालं नाही, ही त्या निर्णयाची खरी उणीव. तरीही निर्णय मला बरोबरच वाटतो. बॉसच्या लढाया अ‍ॅडऑन गृहीत धरून रचाव्या लागल्या की अ‍ॅडऑन नसलेला खेळाडू मागे पडतो, आणि हा धोका काल्पनिक नव्हता. २०२५ मध्ये जाहीर झालेल्या बदलांत लढाईतली माहिती अ‍ॅडऑनने वापरण्यावरच मोठी बंधनं आणायचं ठरलं, तेव्हा कारण जवळपास तेच दिलं गेलं. मॅक्रोच्या त्या अटी मात्र आजही लाखोंच्या बोटांवर आहेत.

'माइनक्राफ्ट'ने अगदी वेगळा रस्ता धरला. ऑक्टोबर २०१२ मधल्या १.४ आवृत्तीत कमांड ब्लॉक आले, म्हणजे चॅटमध्ये लिहायची ओळ जगातल्या एका ठोकळ्यात ठेवायची आणि वीज मिळाली की ती चालवायची. ओळीने निर्णय घ्यावा की नाही हा प्रश्नच तिथे उरला नाही. उलट निर्णय घेणाऱ्या ओळींतून लोकांनी खेळात खेळ उभे केले. २०१८ च्या १.१३ मध्ये कमांड वाचणारा भाग नव्याने लिहिला गेला. '/गेममोड १' जाऊन '/गेममोड क्रिएटिव्ह' आलं, आणि चूक टाइप करतानाच लाल दिसू लागली.

एक चूक मात्र लाल होत नाही: रेघ राहून जाणं. मग ती ओळ बोलणं ठरते आणि सगळ्यांना दिसते. माइनक्राफ्टच्या ज्या सर्व्हरांवर प्लगइनच्या, म्हणजे सर्व्हरला जोडलेल्या जादा प्रोग्रॅमच्या, /लॉगिन कमांडने पासवर्ड द्यावा लागतो, तिथे हे महाग पडतं. जर्मन कीबोर्डवर ही रेघ शिफ्ट आणि ७ दाबून येते. शिफ्ट निसटली की '७लॉगिन' आणि त्यामागे पासवर्ड, थेट चॅटमध्ये. म्हणून अशी प्लगइन लॉगिन होईपर्यंत खेळाडूचं चॅटच अडवून धरतात. जून २०२५ मधल्या माइनक्राफ्टच्या १.२१.६ आवृत्तीपासून सर्व्हरला खेळाडूसमोर स्वतःचा फॉर्म उघडता येतो, त्यामुळे पासवर्ड आता चॅटबाहेर घेता येतो.