भीती पुसली जात नाही, तरी बुजरं कुत्रं रुळतं ते कसं?

"आणायचंच तर पिल्लू आणा, मोठी कुत्री रुळत नाहीत." शेल्टरमधून चार-पाच वर्षांचा, ब्रीडरने सोडून दिलेला छोटा स्पिट्झ घरी आणायचा म्हटलं (हाच तो, ज्याला आपल्याकडे सगळे पॉमेरियन म्हणतात) की सोसायटीतल्या एखाद्या काकू हे बोलतातच. त्यात थोडं तथ्य आहे. स्कॉट आणि फुलर या अमेरिकन संशोधकांनी १९६५ साली मांडलं की साधारण ३ ते १२ आठवड्यांच्या वयात पिल्लू नवी माणसं, आवाज, जागा फार सहज स्वीकारतं. तो काळ पिंजऱ्यात गेला तर कुत्रं बुजरं होण्याची शक्यता खूप असते. पण म्हणून त्याचं शिकणंच थांबलं असं अजिबात नाही!

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. दिवाणाखाली अंग चोरून बसलेलं कुत्रं बघा, शेपूट पोटाखाली, जीभ सारखी नाकावर, डोळ्याचा पांढरा भाग दिसतोय, मधेच जांभई. झोप आलेली नसते, तो ताण असतो. मेंदूतल्या अमिग्डालाने, म्हणजे धोका ओळखून भीती जागी करणाऱ्या भागाने, "माणसाचा हात म्हणजे धोका" अशी गाठ बांधून ठेवलीय. हात पुढे आला आणि पाठोपाठ उकडलेल्या चिकनचा तुकडा पडला, असं रोज होत राहिलं तर ती गाठ सुटत नाही, तिच्या शेजारी दुसरी बांधली जाते: हात म्हणजे चिकन. मेंदूच्या पुढच्या भागातून, प्रीफ्रंटल कॉर्टेक्समधून, अमिग्डालातल्या इंटरकॅलेटेड नावाच्या पेशींच्या छोट्या पुंजक्यांना संदेश जातो, त्या पेशी अमिग्डालाच्या बाहेर जाणाऱ्या सिग्नलला दाबतात, म्हणजे भीतीची आठवण तशीच आत आहे, फक्त तिच्यावर ब्रेक लागलाय.

यात क्रम फार महत्त्वाचा. आधी हात, मग चिकन. उलटं केलं, म्हणजे चिकन दाखवून जवळ बोलावलं आणि मग पकडलं, तर चिकनच धोक्याची घंटा होऊन बसतं, आणि लोक म्हणतात हा खातच नाही. अंतरही तेवढंच महत्त्वाचं, कुत्रं थरथर कापत असेल तर खाणं घशाखाली उतरत नाही, मग शिकणार काय? मेरी कव्हर जोन्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९२४ मध्ये सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या लहान मुलावर हे अंतराचं तंत्र वापरलं होतं, तो आवडीचं खात असताना ससा लांबून हळूहळू जवळ आणत गेले आणि शेवटी पोरगं सशाशी खेळायला लागलं.

ब्रेक असल्यामुळेच तो मधेच सुटतोही. कुत्र्यांच्या शिकण्यावर प्रयोग करणाऱ्या रशियन शास्त्रज्ञ पावलोव्हला त्याच्या कुत्र्यांमध्ये दिसलं होतं की विझलेली सवय मधे खंड पडला की आपोआप परत येते. ब्रेकची आठवण जागेशीही बांधलेली असते, म्हणून हॉलमध्ये मांडीवर येणारं कुत्रं लिफ्टमध्ये पुन्हा अनोळखी झाल्यासारखं वागतं, दिवाळीच्या फटाक्यांनंतर परत दिवाणाखाली जातं. सगळी मेहनत वाया गेली असं समजू नका. जिन्यात, गेटवर, रिक्षात तेच चिकन, तोच क्रम, थोडं लांबून. दुसऱ्या वेळी बहुतेक लवकर जमतं.

इंटरनेटवर तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा एक नियम फिरतोय, तो ढोबळ अंदाज आहे, विज्ञान नाही. महिने उलटूनही एखादं कुत्रं पाहुण्यांसमोर येत नाही, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. आणि पहिल्या काही रात्री ते रडलं, विव्हळलं तर "घरात काहीतरी अशुभ होणार" म्हणून त्याला परत पाठवू नका, कृपा करून! नवीन जागेत एकटं पडलेलं कुत्रं साद घालतं, एवढाच त्याचा अर्थ. जवळ जाऊन बसा. घाबरलेल्याला धीर दिला की भीती वाढते हाही गैरसमजच, मात्र त्याला स्पर्श नको असेल तर नुसतं शेजारी जमिनीवर बसायचं, तोंड दुसरीकडे करून.

आणखी एक, आणल्या आणल्या डॉक्टरकडून दात तपासून घ्या. लहान जातींच्या कुत्र्यांमध्ये दात-हिरड्यांचा त्रास फार असतो, आणि तोंडाजवळ हात नेला की मागे सरकणारं कुत्रं कधीकधी बुजरं नसतंच, त्याची दाढ दुखत असते.