ब्रिटनमधल्या दुसऱ्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात ई-जर्नल्स वाचायची असतील तर: पात्रता, अर्ज आणि कागदपत्रं

ब्रिटनमध्ये मास्टर्स किंवा पीएचडीसाठी आलेल्या आपल्या मुलामुलींचा एक गैरसमज वारंवार कानावर येतो. स्कोनल अ‍ॅक्सेसची, म्हणजे दुसऱ्या विद्यापीठाचं ग्रंथालय वापरू देणाऱ्या योजनेची, परवानगी मिळाली की दुसऱ्या विद्यापीठाचं अख्खं ग्रंथालय आपल्याला खुलं झालं, असं त्यांना वाटतं. मग महागडं तिकीट काढून, दोन तास रेल्वेत बसून ती तिथे पोचतात. दारातून आत जाता येतं, पुस्तकंही मिळतात, पण ज्या लेखासाठी एवढा खटाटोप केला तो काही उघडत नाही.

छापील पुस्तक ग्रंथालयाने विकत घेतलेलं असतं, त्यामुळे ते कुणाला द्यायचं हे ग्रंथालयच ठरवतं. ई-जर्नलचं, म्हणजे ऑनलाइन वाचायच्या संशोधनपर नियतकालिकाचं, तसं नाही. तिथे प्रकाशकाशी करार असतो आणि कुणी वाचायचं, कुठे बसून वाचायचं, हे त्या करारात लिहिलेलं असतं. म्हणून परवानग्या दोन आहेत आणि दोन्ही वेगवेगळ्या मागाव्या लागतात.

पहिली परवानगी: आत जाण्याची

स्कोनल ही ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या विद्यापीठ ग्रंथालयांची संघटना. तुमचं विद्यापीठ तिच्या योजनेत असेल तर अर्ज ऑनलाइन करता येतो आणि त्याला पैसे पडत नाहीत. फॉर्ममध्ये आधी आपलं विद्यापीठ निवडायचं, मग आपण कोण ते सांगायचं: संशोधक, पूर्णवेळ मास्टर्सचे, अर्धवेळ की दूरस्थ शिक्षणाचे. त्यावरून तुमचा गट ठरतो आणि कोणकोणती ग्रंथालयं तुम्हाला घेतात याची यादी समोर येते. पूर्णवेळ पदवीच्या विद्यार्थ्यांना बहुतेक ठिकाणी फक्त बसून वाचता येतं, पुस्तक घरी नेता येत नाही.

अर्ज मंजूर करतं ते तुमचं स्वतःचं ग्रंथालय. तिथे दंड थकला असेल किंवा पुस्तकं परत करायची राहिली असतील तर अर्ज अडतो, तेव्हा ते आधी निस्तरा. मंजुरीचा ईमेल आला की तो आणि विद्यापीठाचं ओळखपत्र दोन्ही घेऊन जायचं. नुसता ईमेल दाखवून भागत नाही. एप्रिल ते जून हा परीक्षांचा हंगाम, त्या काळात बरीच ग्रंथालयं बाहेरच्यांना मर्यादित वेळ देतात किंवा देतच नाहीत.

दुसरी परवानगी: संगणकावर वाचण्याची

ही मिळते ‘वॉक-इन’ वाचक म्हणून, म्हणजे त्या विद्यापीठाचे नसूनही ग्रंथालयात येऊन वाचणारे पाहुणे म्हणून. ब्रिटिश विद्यापीठांच्या वतीने प्रकाशकांशी बोलणी करणारी जिस्क नावाची संस्था आहे. तिच्या नमुना करारात विद्यार्थी आणि कर्मचारी यांच्याबरोबर वॉक-इन वाचकही धरलेले आहेत, अट एवढीच की त्यांनी ग्रंथालयाच्या वास्तूत बसून वाचावं. ही सोय म्हणजे कुणाची मेहेरबानी नव्हे. करार करतानाच ती मागून घेतलेली असते, म्हणून काउंटरवर विचारताना संकोच करू नका. स्कोनल आणि विद्यापीठांच्या संगणक विभागांची यूसीसा ही संघटना, या दोघींनी मिळून 2007 मध्ये ‘हर्वी’ या प्रकल्पातून पाहुण्यांना अशी सोय कशी द्यावी याची मार्गदर्शिकाही काढली होती. तरीही अंमलबजावणी प्रत्येक विद्यापीठ आपापल्या पद्धतीने करतं. कुठे वॉक-इनसाठी एखाद-दुसराच संगणक राखून ठेवलेला असतो, कुठे एका दिवसापुरतं पाहुणा-लॉगिन देतात, कुठे आदल्या दिवशी नाव नोंदवावं लागतं.

म्हणून निघण्यापूर्वी ईमेल करा आणि त्यात जर्नलचं नाव, वर्ष, अंक नेमका लिहा. ‘ई-रिसोर्सेस मिळतील का?’ असं मोघम विचारलं की उत्तरही मोघम येतं. कायद्याचे आणि वित्तबाजाराचे डेटाबेस सहसा वॉक-इनमधून वगळलेले असतात. एमबीए आणि एलएलएमवाल्यांनी तर हे विचारल्याशिवाय घराबाहेर पडू नये.

सोबत फोटो असलेलं सरकारी ओळखपत्र हवं. व्हिसाचं बीआरपी कार्ड आता राहिलं नाही आणि ई-व्हिसा ऑनलाइन असतो, त्यामुळे मूळ पासपोर्ट न्यावा. पत्त्यासाठी बँकेचं पत्र किंवा कौन्सिल टॅक्सचं (घरपट्टीसारख्या स्थानिक कराचं) बिल ठेवा, काही ठिकाणी मागतात. लॉगिन देताना नियमांच्या कागदावर सही घेतात. वाचन स्वतःच्या अभ्यासापुरतं करायचं, कंपनीच्या कामासाठी नाही. आणि अख्खा अंक डाउनलोड करायचा नाही. पेनड्राइव्ह चालतो की फक्त प्रिंट, हेही तेव्हाच विचारून घ्या.

एड्युरोमबद्दल, म्हणजे विद्यापीठांच्या सामाईक वायफायबद्दल, एक सांगायलाच हवं. दुसऱ्या विद्यापीठात तुमचा फोन वायफायला आपोआप जोडला जातो, म्हणून तिथली जर्नल्सही उघडतील असं वाटतं. एड्युरोमने इंटरनेट मिळतं, वाचनाचा हक्क मिळत नाही. मात्र स्वतःच्या विद्यापीठाचं लॉगिन तुम्ही कुठेही वापरू शकता, त्यामुळे जे आपल्याकडे आहे ते आधी तिथूनच बघा. महाराष्ट्रातून परिषदेला किंवा थोड्या काळासाठी येणाऱ्या प्राध्यापकांनाही हेच लागू आहे. भारत सरकारच्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेमुळे 2025 पासून सरकारी संस्थांना जवळपास 13,000 जर्नल्स मिळतात. तुमच्या संस्थेने इन्फ्लिबनेट या भारतीय विद्यापीठ ग्रंथालयांना जोडणाऱ्या संस्थेच्या ‘इन्फेड’ या लॉगिन व्यवस्थेमार्फत बाहेरून लॉगिनची सोय केली असेल, तर ते विमानात बसण्यापूर्वी चालू करून, एकदा घरून उघडून बघा.

विद्यापीठच नसेल तर

जोडीदाराच्या व्हिसावर आलेल्या, शिकलेल्या, पण सध्या कुठल्याच संस्थेत नसलेल्या आपल्या कितीतरी जणी इथे आहेत. वाचन सुटलं की आत्मविश्वासही ओसरत जातो, म्हणून हा भाग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. स्कोनल तुमच्यासाठी नाही, पण वॉक-इनची दारं अनेक ठिकाणी सर्वसामान्य वाचकालाही उघडी असतात. जवळच्या विद्यापीठाला ‘मेंबर ऑफ पब्लिक’ म्हणून विचारा. शिवाय संशोधन सर्वांना वाचता यावं याबद्दलच्या 2012 च्या फिंच अहवालानंतर, 2014 मध्ये ‘अ‍ॅक्सेस टू रिसर्च’ ही योजना सुरू झाली. तीत सहभागी असलेल्या सार्वजनिक ग्रंथालयांत बसून संशोधनपर लेख फुकट वाचता येतात. शोध घरून घेता येतो, पूर्ण लेख मात्र ग्रंथालयातल्या संगणकावरच उघडतो.

स्कॉटलंडमध्ये राहत असाल तर आणखी सोपं आहे. तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं सभासदत्व मोफत असतं आणि स्कॉटलंडचा पत्ता दाखवला की त्यांचे बरेचसे डेटाबेस घरबसल्या वाचता येतात. लंडनमध्ये ब्रिटिश लायब्ररीचा रीडर पास निघतो, तोही मोफत. ऑनलाइन नोंदणी करायची आणि नावाचा एक, घरच्या पत्त्याचा एक, असे दोन मूळ पुरावे घेऊन जायचं. ऑक्टोबर 2023 मधल्या सायबर हल्ल्यानंतर तिथल्या सेवा टप्प्याटप्प्याने सुरू होत गेल्या, म्हणून हवा तो डेटाबेस चालू आहे का, हे निघण्याआधी विचारून घ्या.