हॅलिबटसाठी गळ आणि आमिष
(अलास्का सहलीत होमरची मासेमारी निवडलेल्या ग्राहकांसाठी)

हॅलिबट हा तळाशी राहणारा मोठा, चपटा मासा. तो धरायला होमर या अलास्कातल्या गावाहून सुटणाऱ्या चार्टर (भाड्याच्या) बोटींवर रॉड, रीळ, गळ, आमिष सगळं मिळतं. घरून काही न्यायचं नाही. सुके बोंबील तर नाहीच नाही. मात्र कोकणात गरवायची सवय असलेल्यांनी एक गोष्ट इथूनच ठरवून जावं: मासा लागला असं वाटलं तरी झटका द्यायचा नाही. कारण गळाच्या आकारात आहे.

गळ
बोटीवर बहुधा १६/० मापाचा सर्कल हुक देतात. त्याचं टोक वर न जाता दांड्याकडे आत वळलेलं असतं. मासा आमिष तोंडात घेऊन वळला की दोरीच्या ताणाने गळ सरकत येतो आणि जबड्याच्या कोपऱ्यात फिरून रुततो. झटका दिलात तर फिरण्याआधीच तो तोंडातून निसटतो. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या व्यावसायिक बोटींनी जुने गळ टाकून हेच घेतले आणि मासे जास्त लागू लागले. तिथल्या त्लिंगिट आणि हायडा या मूळ रहिवासी लोकांच्या जुन्या लाकडी गळांचंही टोक आतल्या बाजूलाच असे.

आमिष
सगळी मेख इथे आहे. टोक आणि दांडा यांच्यामधली फट मोकळी राहिली पाहिजे. आमिष कोंबून ती बुजवली, तर कितीही मोठा मासा आला तरी गळ रुतणार नाही. टोक लपवायची गरज नाही. हॅलिबट तळाशी वास काढत येतो.

हेरिंग हा तारलीच्या जातकुळीतला तेलकट मासा. वास भरपूर, पण गोठवलेला असला की लवकर भुसभुशीत होतो. जाड्या मिठात रात्रभर ठेवलेला असेल तर मांस घट्ट होतं, तसा आहे का विचारा. शेपूट कापून टाका, म्हणजे पाण्यात गरगर फिरून दोरीला पीळ पडत नाही. गळ डोक्यामागून, कण्याच्या कडेने आत घाला, दुसऱ्या बाजूने काढा, थोडं मागे पुन्हा एकदा घाला आणि टोक पूर्ण बाहेर ठेवा.

नंतर ऑक्टोपसची बोटभर लांब पट्टी एका टोकाला, एकदाच टोचा. ती चिवट असते. बारीक माशांनी हेरिंग कुरतडून नेला तरी पट्टी राहते, आणि हेरिंगला मागून अडवतेही. सामनच्या पोटाचा तुकडा मिळाला तर कातडीसकट घ्या. नुसतं मांस गळावर टिकत नाही. आमच्या मते हेरिंग आणि ऑक्टोपस ही जोडी सर्वांत भरवशाची.

जोडणी
ती बोटीवरची माणसं करून देतात. मुख्य दोरीवर सरकणारी नळी, तिला शिसं, खाली फिरकी आणि फिरकीपासून हात-दीड हात लांबीच्या जाड दोरीवर गळ. सोडताना रिळावर अंगठा ठेवून सावकाश सोडा, नाहीतर गळ मुख्य दोरीभोवती गुंडाळतो आणि वर ओढेपर्यंत कळतही नाही. शिसं तळाला टेकलं की एक-दोन फेरे वर घ्या. ठोके जाणवले तरी थांबा. रॉड वाकून तशीच राहिली की मगच एकसारखं रीळ फिरवा.

भरती-ओहोटी
होमरलगतच्या कुक इनलेट या खाडीत उधाणाला पाणी सहा मीटरहून जास्त चढतं-उतरतं. ओढ इतकी, की एरवी पुरणारं किलोभर शिसंही तळाला थांबत नाही. शक्य असेल तर अमावास्या-पौर्णिमा टाळून अष्टमीच्या आसपासची, भांगाची तारीख निवडा. आम्हाला आधी सांगितलंत तर बुकिंग तसंच करू.

परवाना
१६ वर्षं आणि त्यावरील प्रत्येक पाहुण्याला अलास्काचा मासेमारी परवाना लागतो. तो ऑनलाइन मिळतो. दिवसाला किती आणि किती लांबीचे मासे ठेवता येतात, ते नियम बदलत असतात, त्यामुळे बोटीचा कॅप्टन सांगेल तेच धरा. सोडायचा मासा बोटीत ओढू नका. पाण्यातच ठेवून लांब पकडीने गळ उलटा फिरवून काढतात, आणि ते काम त्यांनाच करू द्या.