सर्विसिंग वेळेवर, तरी इंजिन अचानक बंद पडलं तर

(आमच्या गॅरेजच्या सगळ्या ग्राहकांसाठी, आणि उन्हाळ्यात-दिवाळीत इंदूरहून नाशिक-पुण्याकडे गाडी काढणाऱ्यांनी तर नक्की वाचा)

"अहो, आत्ताच तर सर्विसिंग केलं होतं, मग बंद कशी पडली?" हा प्रश्न आम्हाला नेहमी ऐकायला मिळतो आणि विचारणाऱ्याचा राग आम्हाला समजतो. सर्विसिंगमध्ये ऑइल, फिल्टर, ब्रेक, कूलंट, बेल्ट, म्हणजे ज्याची झीज डोळ्यांना दिसते किंवा हाताला लागते ते सगळं बघितलं जातं, पण टाकीतल्या फ्युएल पंपाची मोटर, एखादा रिले (करंट चालू-बंद करणारा छोटा स्विच), क्रॅंक सेन्सर (इंजिन किती फिरलं हे कॉम्प्युटरला सांगणारा) हे आज ठणठणीत आणि उद्या बंद असं होऊ शकतं, आधी काही सांगत नाहीत. चांगली सांभाळलेली गाडी बंद पडते तेव्हा खूपदा असंच काहीतरी निघतं आणि ते बदलून गाडी परत चालू लागते. खर्च वाढतो तो बहुतेक वेळा बंद पडल्यानंतर सेल्फ मारमारून.

आधी चालत्या गाडीचं बघू. इंजिन बंद झालं की स्टिअरिंग जड होतं पण वळतं, दोन्ही हातांनी जोर लावा. ब्रेकमध्ये एक-दोन वेळा पुरेल इतकी मदत शिल्लक असते, म्हणून पंप करत बसू नका, एकदाच दाबा आणि दाबूनच ठेवा, नंतर पेडल दगडासारखं कडक होतं तरी पूर्ण ताकदीने दाबलं तर ब्रेक लागतो. गाडी पूर्ण थांबेपर्यंत चावी काढू नका, स्टिअरिंग लॉक होईल. चारही इंडिकेटर लावा, गाडी न्यूट्रलमध्ये टाका आणि आहे त्या वेगातच डावीकडे घ्या, बायपासवर मधल्या लेनमध्ये थांबून चावी फिरवत बसणं सगळ्यात धोक्याचं. थांबल्यावर हॅंडब्रेक, लाल त्रिकोण गाडीच्या बराच मागे, आणि मुलंबाळं, म्हातारी माणसं सगळे डाव्या दाराने उतरून रस्त्यापासून लांब. मानपूरचा घाट असो की सेंधव्यापुढचा बिजासनचा, ट्रक उतारावर येत असतात, गाडीत बसून फोन करू नका. नॅशनल हायवेवर १०३३ लावा, कोणाला लागलं असेल तर ११२.

आता बंद कशी पडली ते आठवा, कारण यावरूनच आम्हाला अर्धं कळतं. धक्के खात, दम तुटल्यासारखी पडली तर पेट्रोल-डिझेल पोचत नसेल. पेट्रोल गाडीत चावी ऑन केल्यावर मागच्या सीटखालून दोन सेकंद बारीक गुणगुण येते, ती आली नाही तर पंप, त्याचा फ्यूज किंवा रिले. गरम झाल्यावर फटकन बंद आणि अर्ध्या तासाने काहीच झालं नाही अशी चालू, तर बरेचदा क्रॅंक सेन्सर, आणि अशी गाडी चालू झाली म्हणून पुढे महेश्वरला नेऊ नका, परत तसंच होणार. आधी बॅटरीचा लाल दिवा, मग हेडलाइट मंद, मग बंद, तर अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी भरणारा जनरेटर) चार्ज करत नाहीये, नवीन बॅटरी टाकून हा रोग जात नाही.

सगळ्यात जपायचं ते टायमिंग बेल्टला, म्हणजे इंजिनातले पिस्टन आणि वॉल्व्ह एका तालात ठेवणाऱ्या रबरी पट्ट्याला. तो तुटला की इंजिन एका क्षणात बंद होतं आणि सेल्फ मारला तर नेहमीपेक्षा हलका, सर्रकन फिरतो. असं वाटलं की तिथेच हात काढा, पुष्कळ इंजिनांत पिस्टन वर येऊन उघड्या वॉल्व्हवर आपटतो आणि प्रत्येक सेल्फला नुकसान वाढत जातं. बेल्टची मुदत मॅन्युअलमध्ये किलोमीटर आणि वर्षं दोन्हीत असते, बऱ्याच गाड्यांत ६०,००० ते १ लाख किमीच्या दरम्यान, जे आधी भरेल ते धरायचं. लोकमान्य नगरहून राजवाड्यापर्यंतच फिरणारी गाडी किलोमीटर भरत नाही, पण रबर घरात उभ्या गाडीतही म्हातारं होतंच, म्हणून कमी चाललेल्या गाडीवाल्यांना आम्ही हे पुन्हा पुन्हा सांगतो. ज्यांच्या गाडीत बेल्टच्या जागी चेन आहे त्यांना हा बेल्ट बदलायचा नाही, पण ऑइल वेळेवर बदला, चेन त्यावरच जगते.

मे महिन्यात टेम्परेचरचा काटा लालमध्ये गेला तर एसी बंद, हीटर फुल, आणि लगेच बाजूला घेऊन इंजिन बंद. रेडिएटरची कॅप गरम असताना उघडू नका, आत प्रेशर असतं, उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. ऑइलच्या कॅनचं चित्र असलेला लाल दिवा लागला तर पुढच्या पेट्रोलपंपापर्यंत सुद्धा नाही, तिथेच बंद करा, ऑइलशिवाय एका मिनिटात बेअरिंग जाऊ शकतात.

पावसात साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली तर सेल्फ अजिबात मारू नका, एकदाही नाही. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर ते दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि असं नुकसान साध्या पॉलिसीत सहसा मिळत नाही, त्याला इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कव्हर लागतं, रिन्युअलच्या वेळी विचारून घ्या.

बाकी वेळी, वर सांगितलेलं काही नसेल तर, सेल्फ एका वेळी फार तर पाच-सात सेकंद, मध्ये अर्धा मिनिट थांबून, दोनदा. नाही झाली तर फोन करा आणि इतकं सांगा: गाडी कोणती, किती किमी झाली, कशी बंद पडली, कुठले दिवे लागले, कसला वास किंवा आवाज आला. मीटरचा एक फोटो पाठवलात तर उत्तमच. ऑटोमॅटिक गाडी दोरीने ओढू देऊ नका, इंजिनने फिरणारी चाकं (बहुतेक गाड्यांत पुढची) रस्त्यावर फिरली तर गिअरबॉक्स जाऊ शकतो, टोवाल्याला फ्लॅटबेडच (पूर्ण गाडी वर चढवून नेणारा ट्रक) आण म्हणून सांगा आणि तो "चलेगा साहब" म्हणाला तरी ऐकू नका.